चाळीस रुपयांचं पाणी आणि एक अट



१९२७ च्या मार्च महिन्यात महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा माणसांना प्यायला पाणी विकत आणावं लागलं होतं. चाळीस रुपयांचं पाणी! त्या काळचे चाळीस रुपये म्हणजे एखाद्या मास्तराचा महिन्याचा पगार. आणि हे कुठे, तर सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या काठच्या गावात, जिथे पावसाळ्यात पाणी नको नको होतं. गावाच्या मध्यावर चवदार तळं भरलेलं होतं. त्यावर मुसलमान जात होते, गुरंढोरं जात होती. परिषदेला आलेल्यांना मात्र तिथे बंदी होती.

पुढची गोष्ट आपल्याकडच्या शाळकरी पोरींनाही पाठ आहे. २० मार्चला डॉक्टर आंबेडकर मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले. दर वर्षी त्या दिवशी महाडात पाय ठेवायला जागा नसते. एस.टी. भरून येतात, टेम्पो भरून येतात, आणि झेंडे किती प्रकारचे असतात ते आपण डोळ्यांनी बघतो. एकेका गटाचं व्यासपीठ वेगळं, कर्णा वेगळा. एकाच माणसाच्या नावाने आलेले लोक एकमेकांच्या मांडवात जात नाहीत. गेल्या निवडणुकांनंतर आम्हाला जे निरोप येतात त्यांतही हाच सूर असतो. जावाजावा एकमेकींच्या हळदीकुंकवाला जात नाहीत, कारण दिरांचे पक्ष फुटलेले. बचत गटाची बैठक मोडते, कारण अध्यक्षबाई ‘त्यांच्यातली’. महाड काय, पोलादपूर काय, वाडीवाडीत हेच. म्हणून आज आम्ही तळ्याच्या पाण्याची नव्हे, तर त्या पाण्याच्या लढ्याला जी एक अट घातली गेली होती, तिची गोष्ट सांगायचं ठरवलं आहे. ती फारशी सांगितली जात नाही.

आधी थोडं मागचं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो संमत झाला : सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सरकार चालवते ते पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. बोले स्वतः भंडारी समाजाचे, ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी. त्या ठरावाला धरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं. कागदावर तळं उघडं झालं. पण एकही माणूस तिकडे गेला नाही, जायची कुणाची छाती नव्हती. आपल्याला हे नवं नाही. मालमत्तेत मुलीचा हक्क कायद्याने आहे, पण भावाच्या दारात जाऊन मागणाऱ्या किती?

तो कागद पाण्यापर्यंत न्यायचा खटाटोप ज्यांनी केला त्यांची नावं एका दमात घ्यायला हवीत, कारण पुढची सगळी गोष्ट त्या नावांवरच आहे. रामचंद्र बाबाजी मोरे : महाडजवळच्या लाडवलीचे, महार. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना आधी नाकारलेलं. महाडला परिषद घ्यावी म्हणून आंबेडकरांच्या मागे लागलेले हेच. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, म्हणजे सुरबानाना : महाडचे नगराध्यक्ष, कायस्थ प्रभू. अनंतराव चित्रे : तेही कायस्थ प्रभू, मुंबईत सोशल सर्व्हिस लीगमध्ये काम केलेले. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे : ब्राह्मण, तेही त्या लीगमधलेच. आणि स्वतः आंबेडकर.

२० मार्चला सकाळी परिषदेचे ठराव आटोपले, आभार मानायला चित्रे उठले, आणि आभारातच त्यांनी सांगून टाकलं की आता उठा आणि तळ्यावर चला. लोक उठले, ओळीने गेले, पाणी प्यायले, परत आले. शांतपणे झालं सगळं. मग गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. झालं. लाठ्या घेऊन माणसं परिषदेच्या मांडवात घुसली. जेवायला बसलेल्यांना, गावी परत निघालेल्यांना, बायकापोरांना मारलं. काहींनी मुसलमानांच्या घरांचा आसरा घेतला. तळ्यातून मग एकशे आठ घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ‘शुद्धी’ झाली. शेणाने शुद्ध होणारं पाणी माणसाच्या ओंजळीने बाटतं, हे त्या गावातल्या शिकल्यासवरल्या माणसांना पटत होतं, हे आजही आम्हाला वाचताना खरं वाटत नाही.

आता इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. मारणारे कोण होते? ते एका जातीचे नव्हते. गावात मारलं ते वेगळे, आणि परतीच्या वाटेवर, आजूबाजूच्या खेड्यांत ज्यांनी अडवून मारलं ते वेगळे. त्यांत स्वतः ब्राह्मणांच्या आणि खोतांच्या जाचाखाली असलेले शेतकरीही होते. ज्याच्या पाठीवर एकाची लाथ, तोच दुसऱ्याच्या पाठीवर पाय देऊन उभा. हे आंबेडकरांनी पाहिलं आणि ते विसरले नाहीत.

पंधरवड्याच्या आत, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केलं. पैसा नाही, माणूसबळ नाही, कॉलमच्या कॉलम स्वतः लिहायचे. कौन्सिलात, कोर्टात, कॉलेजात ते होतेच, पण त्या वर्षी आपण त्यांना भेटतो ते एका पत्राचे संपादक म्हणून. राजकारणावर भाष्य करणारा, मित्र कोण आणि शत्रू कोण याची दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी करणारा माणूस.

आणि तेव्हाच ती अट आली.

पुण्याहून केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर या दोघांनी महाडच्या लढ्याला पाठिंबा जाहीर केला. पाठिंबा मनापासूनचा, पण त्याला एक अट होती : या सत्याग्रहात एकाही ब्राह्मणाला घेऊ नये.

हे दोघे कोण, हे आजच्या तरुण श्रोत्यांना सांगायला हवं. पुण्याच्या शुक्रवारात जेध्यांचा वाडा, ‘जेधे मॅन्शन’, हा ब्राह्मणेतर चळवळीचा गड. गणपतीतल्या टिळकपंथी मेळ्यांना उत्तर म्हणून ‘छत्रपती मेळा’ निघाला तो तिथून. १९२५ मध्ये जेध्यांनी पुणे नगरपालिकेत महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा आग्रह धरला आणि शहर दोन तट पडून भांडलं. त्याच साली जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक आलं. चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर इतकी जहरी टीका तोवर कुणी केली नव्हती. खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, अपिलात सगळे सुटले. आणि अपिलात त्यांच्या बाजूने उभा राहिलेला वकील कोण? डॉक्टर भीमराव आंबेडकर. १९२६ ची गोष्ट. म्हणजे अट घालणारे परके नव्हते, ज्यांना वकील म्हणून आदल्या वर्षी सोडवलं तेच होते. शत्रूही दोघांचा एकच समजला जात होता.

शिवाय त्यांना जवळ करण्यात फायदा किती! महाड-पोलादपूरच्या खेड्यांतला मराठा, कुणबी शेतकरी पुण्याच्या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचं ऐकला असता तर सत्याग्रहाला जाणाऱ्यांना वाटेत कुणी अडवलं नसतं. पैसा आला असता, वर्तमानपत्रं पाठीशी आली असती. आणि दुसऱ्या पारड्यात काय? हातावर मोजण्याइतके ब्राह्मण. हिशेबी राजकारणी माणसाने त्या चारदोघांना हळूच बाजूला केलं असतं, ‘तुम्ही मनाने आमच्यातच आहात, पण सध्या जरा मागे राहा’ असं सांगून. ही भाषा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बायकांना तर फारच.

आंबेडकरांनी अट नाकारली. ‘बहिष्कृत भारता’तून त्यांनी जे मांडलं त्याचा मथितार्थ आमच्या शब्दांत असा : आमचं भांडण ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसांशी नाही, उच्चनीच मानणाऱ्या वृत्तीशी आहे. ती वृत्ती ब्राह्मणेतरात असली तर तो आम्हाला तितकाच नकोसा. आणि जो ब्राह्मण तिच्यातून सुटला आहे, तो आमचा.

आज हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं. तेव्हा ते महाग होतं. परिषदेतल्या माणसांची डोकी फुटली होती, तळ्याला शेण लावलं होतं, आणि त्या रागाच्या भरात ‘सगळे तसलेच’ असं म्हणणं हीच माणसाची पहिली उडी असते. त्यांनी ती मारली नाही, याचं कारण आम्हाला वाटतं ते त्यांच्या चांगुलपणात नाही, त्यांच्या नजरेत आहे. मार्चमध्ये मारणाऱ्यांचे हात त्यांनी पाहिले होते. अट मान्य केली असती तर सहस्रबुद्धे बाहेर गेले असते आणि लाठी धरणारा शेतकरी आत आला असता, केवळ तो ब्राह्मण नाही म्हणून. जात बघून माणूस गाळायचा, तर मग तळ्याच्या काठावरचा नियम तरी दुसरा काय होता?

पण जेधे-जवळकरांवर अन्याय नको. त्यांची अट काही आकसातून आलेली नव्हती. सत्यशोधकांनी अस्पृश्यांसाठी तोंडपाटीलकी केली नव्हती. जोतिरावांनी १८६८ सालीच स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून दिला होता. सुधारक म्हणवणारे ब्राह्मण सभेत एक आणि घरी दुसरंच करतात, हा अनुभव त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला होता. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. त्यांचा संशय अनुभवाचा होता. चुकलं एवढंच की संशयाचा त्यांनी नियम केला.

डिसेंबर आला. तोवर नगरपालिकेने ४ ऑगस्टला आपलाच जुना ठराव फिरवला होता, आणि १४ डिसेंबरला गावातल्या काही स्पृश्य पुढाऱ्यांनी तळं खाजगी असल्याचा दावा करून कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जागा द्यायची नाही, वाणसामान द्यायचं नाही, असं गावाने ठरवलं. तेव्हा जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. मुंबईहून मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघाली. धरमतरवरून मोटारीने यायचं तर मोटारवाले ऐनवेळी नाही म्हणतील ही भीती. दासगावच्या बंदरात उतरून पाच मैल चालत, गाणी म्हणत सगळे महाडला आले. २५ डिसेंबरची ती रात्र. मांडवासमोर खड्डा खणलेला, त्यात चंदनाची लाकडं. मनुस्मृती जाळावी हा ठराव मांडायला कोण उभं राहिलं? गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे! अट मान्य झाली असती तर ज्यांना मांडवात पाय ठेवता आला नसता, ते. ज्या पुस्तकाने त्यांच्या जातीला सगळ्यांच्या वर बसवलं, ते जाळायचं म्हणून तेच उभे राहिले, आणि दलित साधूंच्या हातांसोबत त्यांच्या हातांनी ते आगीत गेलं. बाईला बालपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात ठेवणारं ते पुस्तक. म्हणून आता ठिकठिकाणच्या स्त्रिया २५ डिसेंबर हा स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात.

दुसऱ्या दिवशी आणखी अवघड पेच पडला. सत्याग्रहाला नावं किती नोंदली गेली होती? तीन हजार आठशे चौऱ्याऐंशी. मनाई हुकूम मोडून तुरुंगात जायला तयार माणसं. कलेक्टर येऊन सांगून गेले की कोर्टात दावा आहे, थांबा. आंबेडकरांनी आपल्याच माणसांपुढे उभं राहून सत्याग्रह तहकूब करा म्हणून सांगितलं. पोटतिडकीने आलेल्यांना ते रुचलं नाही. २७ तारखेला तळ्याभोवती मिरवणूक काढून सगळे परतले, पाण्याला हात न लावता. आपल्याच बाजूच्या लोकांची नाराजी ओढवून घेणं हे विरोधकाला शिव्या देण्यापेक्षा किती कठीण असतं, हे ज्या बाईने बचत गटाच्या बैठकीत आपल्याच मैत्रिणीचा हिशेब तपासायला मागितला आहे तिला विचारा.

परिषद आटोपल्यावर झालेली एक सभा मात्र आम्हाला सगळ्यांत जवळची. ती फक्त बायकांची होती. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका आणि समोर बाबासाहेब. त्यांनी सांगितलं ते सगळं रोजच्या जगण्यातलं. मुलींना शाळेत घाला. मेलेल्या जनावराचं मांस घरात आणू देऊ नका. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला, मुलाला जेवू घालू नका. आणि अंगावरच्या खुणा काढून टाका. जातीप्रमाणे लुगडं गुडघ्यापर्यंत वर नेसायचं, गळ्यात गाठल्या, हातात कोपरापर्यंत कथलाचे दागिने घालायचे, म्हणजे लांबूनच कळावं कोण येतंय ते. हे सोडा, लुगडं पायघोळ नेसा.

सांगणं सोपं. पण जन्मभर एका तऱ्हेने नेसलेलं नऊवार दुसऱ्या तऱ्हेने नेसायचं कसं? निऱ्या कुठे, काष्टा कसा, पदर किती सोडायचा? हे भाषणातून येत नाही. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायका पुढे आल्या आणि त्यांनी नेसवून दाखवलं. आम्हाला हे दृश्य फार वेळ डोळ्यांपुढे ठेवावंसं वाटतं. कायस्थाघरची बाई महाराघरच्या बाईच्या कमरेशी हात घालून निऱ्या खोचते आहे, १९२७ सालच्या महाडात, जिथे सावलीचा विटाळ होता. तळ्याच्या पाण्यावर पुढे दहा वर्षं कोर्टकचेरी चालणार होती. हा विटाळ त्या दिवशी तिथल्या तिथे मोडला, आणि कुठल्या पुढाऱ्याने त्याला अट घातली नव्हती. इतिहासाच्या पुस्तकांत या गोष्टीला दोन ओळीही मिळत नाहीत, मिळतात त्या ‘स्त्रियांनाही मार्गदर्शन केले’ अशा.

आता अट घालणाऱ्यांकडे परत जाऊ, कारण त्यांचं पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. जवळकर १९२९ मध्ये इंग्लंडला गेले. परतले ते वेगळे होऊन. ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर एवढ्याच चष्म्यातून जग बघणारा हा लेखक आता शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल, सावकारीबद्दल, भांडवलाबद्दल लिहू लागला. सावकार काय फक्त ब्राह्मणच असतो? गरीब काय फक्त ब्राह्मणेतरच? ‘तेज’ हे साप्ताहिक काढलं, ‘क्रांतीचे रणशिंग’ लिहिलं. ज्याची लेखणी म्हणजे एका पक्षाची तलवार होती, त्याने तीच लेखणी आपल्या पक्षाच्या समजुतींवर चालवली. जुन्या सोबत्यांना ते आवडलं असेल असं नाही. आणि वेळही फार मिळाला नाही, १९३२ च्या मे महिन्यात ते गेले, वय जेमतेम चौतीस.

जेध्यांचा प्रवास लांबला. १९३० च्या कायदेभंगात ते काँग्रेसकडे वळले आणि पुण्याच्या राजकारणात त्यांची जोडी जमली ती काकासाहेब गाडगीळांशी, एका ब्राह्मणाशी. बहुजन समाज काँग्रेसमध्ये आणण्यात या जोडीचा मोठा वाटा. स्वातंत्र्याच्या सुमारास शेतकरी कामगार पक्ष निघाला त्यात जेधे, नंतर पुन्हा काँग्रेस. यात सगळंच विचाराने झालं, सत्तेचा हिशेब कुठेच नव्हता, असं आम्ही म्हणणार नाही. पण ६ फेब्रुवारी १९५६ चा दिवस बघा. संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे एका सभेत. सभेच्या अध्यक्षस्थानी केशवराव जेधे. आणि जागा? पुण्याचं टिळक स्मारक मंदिर. टिळकांना ‘देशाचे दुश्मन’ म्हणणाऱ्या पुस्तकापायी खटला झालेला माणूस टिळकांच्या नावाच्या सभागृहात अध्यक्ष होता, आणि त्याच्यासमोर आंबेडकरांचा पक्षही बसला होता. आता तिथे कुणाला कुणाची अट नव्हती.

आपल्या कुलाब्यात तर ही घुसळण त्याही आधी झाली. खोती! ज्यांच्या घरात अजून म्हातारी माणसं आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. खोत पुष्कळदा ब्राह्मण, कायस्थ, मराठा, कुठे मुसलमानही. कुळं आगरी, कुणबी, महार. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं शेतं पडीक ठेवून संप केला. १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तो जातीच्या नावाने नव्हे तर मजुराच्या नावाने. पुढच्या वर्षी त्या पक्षातर्फे सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे कायदेमंडळात निवडून गेले. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला, त्यात कोकणातली कुणबी आणि महार कुळं खांद्याला खांदा लावून होती. दहा वर्षांपूर्वी महाडच्या वाटेवर यांतल्या काहींचे बापभाऊ समोरासमोर लाठ्या घेऊन उभे असतील.

आणि लाडवलीचे मोरे? ते १९३० मध्ये कम्युनिस्ट झाले. महाडच्या सत्याग्रहाचा पाया घालणारा माणूस लाल बावट्याखाली गेला. आंबेडकरांनी त्यांना तोडलं नाही, मोऱ्यांनी बाबासाहेबांना सोडलं नाही. कम्युनिस्टांनी जातीचा प्रश्न बाजूला ठेवला की ते आपल्याच पक्षाला लेखी टिपणं पाठवून टोचत राहिले, आणि वस्तीत गेले की कामगारांच्या युनियनची गरज सांगत राहिले. दोन्हीकडच्या लोकांना ते थोडे परके वाटले असणार. आमच्या मते या गोष्टीतला सगळ्यांत एकटा आणि सगळ्यांत सरळ माणूस हाच. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने निघाल्या आहेत, जिल्हा वाचनालयात मागून बघा.

नाहीतर असं वाटेल की सगळं गोडीगुलाबीने जमत गेलं. तसं झालं नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये कामगारांच्या संपावर बंधनं आणणाऱ्या बिलाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. पण १९५२ च्या निवडणुकीत आंबेडकर मुंबईत हरले, तेव्हा त्यांच्या विरोधातल्या प्रचारात तेच कम्युनिस्ट होते. एकदा जमलेली बैठक कायमची जमत नाही. आणि जमवून घेण्याच्या नावाखाली काय सोडायचं नाही, हेही महाडला स्पष्ट होतं. कोण सोबत येईल याबद्दल दार सताड उघडं. पाणी मिळायलाच हवं याबद्दल एक पाऊलही मागे नाही. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. गावच्या भल्यासाठी म्हणून पाण्याच्या, शाळेच्या, दारूबंदीच्या प्रश्नावर गुपचूप तडजोड होते, आणि कुणाच्या ओट्यावर बसायचं यावरून मात्र वर्षानुवर्षं अबोला. ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा आता आपल्या आहेत. तिथे बसलेल्या बाईने समोरचीला पक्ष विचारायच्या आधी, नळाच्या ठरावावर सही करतेस का, हे विचारलं तर काय बिघडेल? नवऱ्यांच्या भांडणाचे पाढे आपण का म्हणायचे?

तळ्याच्या दाव्याचं राहिलंच. महाडचं कोर्ट, मग ठाण्याचं, मग मुंबईचं हायकोर्ट. सगळीकडे दावा करणारे हरले. शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ चा, पाणी प्यायल्याला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी असताना. न्यायमूर्ती दोन होते. त्यांतले एक ब्रूमफील्ड, ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. निकालाचं सार एवढंच की तळं नगरपालिकेचं आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे येऊ नये अशी चाल अनादी काळापासून होती हे दावा करणाऱ्यांना सिद्ध करता आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची म्हणून जी रूढी सांगितली, तिचा पुरावा कोर्टात उभा राहिला नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. दासगाव, लाडवली, बिरवाडी, पोलादपूर, जिथे कुठे तुम्ही ऐकत असाल तिथे, तुमच्या आजीच्या किंवा पणजीच्या तोंडून त्या लुगड्याची गोष्ट कुणी ऐकली आहे का? कुणी शिकवलं, कुणाच्या अंगणात, पहिल्यांदा तसं नेसून रस्त्याने जाताना लोक काय म्हणाले? लिहिता येत नसेल तर नातीकडून आमच्या नंबरवर बोलून पाठवा. जातीचं, पक्षाचं, नावाचं काही सांगायची गरज नाही. गावाचं नाव तेवढं सांगा, म्हणजे पुढच्या महिन्यात आम्ही ते नकाशावर मांडत जाऊ.